दुसरा ब्रेक बसवला, पण तो चालतो की नाही हे पाहणार कोण?

घोडबंदर_प्रवासी (धागाकर्ता)

स्वयंचालित गाड्यांविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा कॅमेरे किती, लिडार (लेसर प्रकाशाने अंतर मोजणारे सेन्सर) किती आणि संगणक किती वेगवान यापाशीच थांबते. अमेरिकेत चालकाविना टॅक्सी चालवणाऱ्या वेमोच्या जग्वार आय-पेस गाडीवर २९ कॅमेरे, ६ रडार आणि ५ लिडार आहेत, हे आकडे अनेकांना पाठ आहेत. त्याच गाडीत ब्रेक, स्टिअरिंग, वीजपुरवठा आणि संगणक यांची प्रत्येकी एक राखीव व्यवस्था असते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. गाडी किती दूरचे पाहते यापेक्षा, तिचा एखादा भाग चालता चालता बंद पडल्यावर पुढच्या काही सेकंदांत ती काय करते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कायद्याने हात घालायचा असेल तर तो तिथेच घालायला हवा.

धागा काढण्याचे निमित्त स्थानिक आहे. ठाण्यातील शोरूममध्ये आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही एडास, म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये चालकाला मदत करणारी यंत्रणा, मिळते आणि काही विक्रेते ती गाडी स्वतःच चालते असे बिनदिक्कत सांगतात. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे मार्गिका वारंवार सरकल्या, जुन्या पट्ट्यांशेजारी नवे पट्टे आले. तिथे यंत्रणा गोंधळली तरी आज स्टिअरिंग माझ्या हातात आहे. हे हात काढून घेतले की त्यांच्या जागी गाडीत नेमके काय बसवावे लागते, आणि ते बसवले आहे याची खात्री कोणता नियम करून घेतो? जाणकारांनी विस्ताराने लिहावे ही विनंती.

टीटीसी_अभियंता

मी महापे येथे वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांवर काम करतो. कंपनी आणि ग्राहक यांविषयी लिहिता येणार नाही, तत्त्वे मात्र सर्वांना खुली आहेत.

रिडंडन्सी, म्हणजे एकाच कामासाठी राखीव घटक ठेवणे, ही स्वयंचालित गाडीने आणलेली गोष्ट नाही. आपल्या साध्या गाडीतही ब्रेकचा मास्टर सिलिंडर दुहेरी असतो. अनेक गाड्यांत एक सर्किट पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक सांभाळते, तर दुसरे उरलेली दोन चाके, त्यामुळे एक नळी फुटली तरी गाडी थांबवता येते. ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्येही दोन सेन्सर असतात, आणि ते मुद्दाम वेगवेगळे व्होल्टेज देतात. अनेक रचनांत एकाचे व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मे ठेवलेले असते. दोन्हींचे सारखेच ठेवले असते, तर त्यांच्या तारा एकमेकींना चिकटल्यावर दोन्ही आकडे जुळले असते आणि बिघाड लपला असता. प्रमाण बिघडले की नियंत्रकाला शंका येते आणि तो इंजिनाची ताकद कमी करतो. या एवढ्याशा रचनेत सगळे शास्त्र आले आहे, कारण दुसरा घटक बसवण्याइतकाच तो पहिल्यासोबत फसणार नाही याचा विचार येथे केलेला आहे.

आता हातांविषयी. आजच्या गाडीत ब्रेकचा बूस्टर गेला तर आपण पाय अधिक जोराने दाबतो, आणि पॉवर स्टिअरिंग गेले तर खांद्याचा जोर लावतो. म्हणजे माणसाचे स्नायू ही शेवटची राखीव यंत्रणा आहे. चालकच नसेल तर ती जागा यंत्राने भरावी लागते. ब्रेकसाठी विजेवर चालणारा बूस्टर आणि गाडीचा तोल राखणारे ईएसपी युनिट यांची जोडी अशी बांधतात की दोघांपैकी कोणीही स्वतंत्रपणे दाब निर्माण करू शकेल. स्टिअरिंगच्या मोटरमध्ये वेटोळ्यांचे दोन संच असतात, त्यांना चालवणारी दोन सर्किटे असतात, आणि त्यांचा वीजपुरवठाही दोन वेगळ्या मार्गांनी येतो. शेवटची गोष्ट सर्वांत सहज विसरली जाते. दोन्ही ब्रेक युनिट एकाच बॅटरीवर आणि एकाच फ्यूजमागे असतील, तर कागदावर ते दोन आहेत, एवढेच.

संगणकाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. सुरक्षेच्या कामासाठीच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये दोन गाभे (प्रोसेसर कोर) तीच आज्ञा चालवतात आणि उत्तरे सतत ताडून पाहिली जातात. उत्तरे जुळली नाहीत तर चूक झाली हे कळते, परंतु कोणाची ते कळत नाही, म्हणून अशी जोडी गप्प होते. गप्प होणे ज्या गाडीला परवडत नाही, तिच्यात अशा दोन जोड्या तरी लागतात, किंवा तीन संगणकांचे मतदान लागते.

आयएसओ २६२६२ हे वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षिततेचे मानक २०११ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यातील सर्वांत कडक पातळीला, म्हणजे एसिल-डीला, हार्डवेअरच्या आकस्मिक बिघाडामुळे धोका उद्भवण्याचे प्रमाण दहा कोटी तासांत एकापेक्षा कमी ठेवण्याचे लक्ष्य आहे. त्याशिवाय दडून राहणाऱ्या बिघाडांसाठी वेगळे मोजमाप आहे. राखीव ब्रेक रोज वापरला जात नाही, त्यामुळे तो मेलेला असला तरी मुख्य ब्रेक जाईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. एसिल-डीमध्ये अशा सुप्त बिघाडांसाठी किमान ९० टक्क्यांची पातळी गाठावी लागते. या धाग्यात पुढे काहीही निघाले तरी सुप्त बिघाडाचा मुद्दा विसरू नये असे मला वाटते.

ऐरोलीचा_ग्राहक

माहिती उत्तम आहे, पण एक शंका आहे. आपण विकत घेतो त्या गाड्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने केलेल्या स्वयंचालनाच्या वर्गीकरणात दुसऱ्या पातळीच्या आहेत. त्या पातळीवर रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची असते. मग दुसरी मोटर, दुसरी बॅटरी आणि दुहेरी वायरिंग यांचा खर्च ग्राहकाने का सोसावा?

टीटीसी_अभियंता

दुसऱ्या पातळीपुरते तुमचे म्हणणे बरोबर आहे. ती पातळी ओलांडणाऱ्या गाडीचाच हा खर्च आहे. आक्षेप आहे तो दुसऱ्या पातळीची गाडी चौथ्या पातळीच्या, म्हणजे ठरावीक परिस्थितीत चालकाविना चालणाऱ्या गाडीच्या, भाषेत विकण्याला.

सिग्नलकाका_कळवा

रेल्वेच्या सिग्नल विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे या विषयाकडे मी वेगळ्या बाजूने पाहतो. आमच्याकडील ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून लहानसा प्रवाह सोडलेला असतो आणि तो दुसऱ्या टोकाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) उचलून धरतो. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली किंवा बॅटरी संपली तरीही रिले खालीच पडतो, म्हणजे बिघाडाचा कल सुरक्षित बाजूला असतो. गाडीचा ब्रेकही तसाच असतो. ब्रेक पाइपमधील हवेचा दाब गेला की ब्रेक लागतो. हे तत्त्व इतके अंगवळणी पडले आहे की रस्त्यावरच्या गाडीनेही बिघाड होताच थांबावे, असे आमच्यापैकी बहुतेकांना वाटते.

रस्त्यावर ते चालत नाही. लोकल मध्येच थांबली तर मागच्या लोकलला लाल सिग्नल असतो. वाशीच्या खाडीपुलावर मधल्या मार्गिकेत थांबलेल्या मोटारीच्या मागे तिला राखणारा एकही सिग्नल नसतो, फक्त डंपर असतो. म्हणून मोटारीच्या यंत्रणेला बिघाडानंतरही काही काळ काम करत राहावे लागते, निदान सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत. रेल्वेतील सुरक्षिततेची उदाहरणे मोटारींना सरसकट लावणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

अभियंता महाशयांना एक प्रश्न. दोन यंत्रे एकाच कंपनीची, एकाच बनावटीची आणि एकाच सॉफ्टवेअरची असतील तर ती खरोखर दोन मानायची का?

टीटीसी_अभियंता

काका, या प्रश्नाचे सर्वांत महागडे उत्तर ४ जून १९९६ रोजी मिळाले. युरोपच्या एरियन-५ अग्निबाणात दिशा आणि स्थिती सांगणाऱ्या दोन यंत्रणा होत्या, एक चालू आणि एक राखीव. हार्डवेअर तेच आणि सॉफ्टवेअरही तेच. अधिक वेगवान अग्निबाणामुळे एक संख्या तिच्यासाठी ठेवलेल्या १६ बिटांत मावेनाशी झाली आणि चालू यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेकडे जावे, तर ती त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडलेली होती. उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतच अग्निबाण भरकटून नष्ट झाला. एकही सुटा भाग तुटलेला नव्हता.

एअरबस ए३२० मध्ये उड्डाण-नियंत्रणाचे संगणक म्हणूनच दोन वेगळ्या प्रकारचे आहेत आणि त्यांचे प्रोसेसरही वेगळ्या कंपन्यांचे आहेत. याउलट बोइंग ७३७ मॅक्सवर हवेशी होणारा कोन मोजणारे दोन सेन्सर होते, पण विमानाचे नाक खाली दाबणारी एमकॅस ही प्रणाली त्यांपैकी एकाचेच ऐकत असे. २०१८ आणि २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. सेन्सर दोन होते, त्यांची तुलना मात्र होत नव्हती.

मोटारीतील सेन्सरांनाही हाच विचार लावावा लागतो. कॅमेरा आणि लिडार ही उपकरणे वेगळी असली तरी दोन्ही प्रकाशावर चालतात; ठाणे-बेलापूर रस्त्यावर जुलैमध्ये पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल दोघांनाही एकाच वेळी झाकू शकतो. ७७ गिगाहर्ट्झच्या रडारची तरंगलांबी सुमारे ४ मिलिमीटर असते आणि पावसातून ते प्रकाशापेक्षा बरेच चांगले पाहते, परंतु वस्तूचा आकार ओळखण्यात ते कच्चे आहे. टेस्लाने २०२१ पासून रडार काढून केवळ कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली. त्यांचा युक्तिवाद असा की माणूसही डोळ्यांनीच गाडी चालवतो आणि दोन सेन्सरांत मतभेद झाल्यास कोणाचे ऐकायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. दुसरा भाग खरा आहे. तरीही मतभेद उघड होणे हे मतभेद न कळण्यापेक्षा बरे, असे माझे मत आहे.

संपादक मंडळ

टेस्ला आणि वेमो यांच्या चाहत्यांमधील अकरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कंपन्यांच्या समभागांविषयीची चर्चा अर्थकारण विभागात करावी.

वाशीची_वकील

आतापर्यंतची चर्चा यंत्रावर झाली, मी कायद्याच्या बाजूने लिहिते. सुरुवात एका प्रकरणाने करते, कारण राखीव यंत्रणा असणे आणि ती उपलब्ध असणे यांतील अंतर त्यात दिसते. १८ मार्च २०१८ रोजी ॲरिझोनातील टेंपी येथे उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसले की यंत्रणेला ती व्यक्ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी आढळली होती, पण ती नेमके काय आहे याचे वर्गीकरण वारंवार बदलत राहिले. मूळ व्होल्वो गाडीत आपोआप ब्रेक लावणारी स्वतंत्र यंत्रणा होती; उबरचा संगणक चालू असताना ती बंद ठेवलेली होती. उरली राखीव यंत्रणा म्हणजे आसनावरील माणूस, आणि त्या चालक महिलेचे लक्ष फोनकडे होते. म्हणजे तीनही थर गाडीत हजर होते आणि एकही कामाला आला नाही.

नियमनाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. अमेरिकेत उत्पादक स्वतःच गाडी मानकांनुसार असल्याचे प्रमाणित करतो, सरकार नंतर दोष आढळल्यास रिकॉल करायला लावते, आणि २०२१ पासून स्वयंचालित गाड्यांच्या अपघातांची माहिती केंद्रीय यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे. युरोपात गाडी बाजारात येण्याआधी मान्यता घ्यावी लागते. संयुक्त राष्ट्रांचे नियमन क्रमांक १५७ हे महामार्गावर मार्गिका सांभाळणाऱ्या स्वयंचालनासाठी जून २०२० मध्ये स्वीकारले गेले. आधी ताशी ६० किलोमीटरची मर्यादा होती, नंतरच्या दुरुस्तीने ती १३० झाली. पादचारी आणि सायकलस्वारांना बंदी असलेल्या आणि दोन दिशांमध्ये भौतिक दुभाजक असलेल्या रस्त्यापुरतेच हे स्वयंचालन आहे. आपल्या परिसरात त्या वर्णनात अटल सेतू बसेल, पाम बीच रस्ता बसणार नाही. यंत्रणेने ताबा घेण्यास सांगितल्यावर चालकाने प्रतिसाद दिला नाही, तर साधारण १० सेकंदांनंतर गाडीने स्वतःच सावकाश थांबण्याची प्रक्रिया सुरू करायची असते. बिघाड गंभीर असल्यास ती लगेच सुरू करता येते. अटल सेतूवरील ताशी १०० किलोमीटर वेगाने १० सेकंदांत गाडी सुमारे २७८ मीटर जाते. एवढे अंतर मुख्य ब्रेक गेलेल्या अवस्थेतही कापता यायला हवे, हे नियमाचे व्यावहारिक मर्म आहे. जर्मनीने डिसेंबर २०२१ मध्ये मर्सिडीझच्या ड्राइव्ह पायलटला या नियमनाखाली मान्यता दिली. त्या गाडीत ब्रेक, स्टिअरिंग आणि वीजपुरवठा दुहेरी आहे, शिवाय रस्ता ओला आहे का हे चाकाच्या खोबणीतील सेन्सर पाहतो.

मात्र सुरक्षितपणे थांबणे हेही डोळे मिटून मान्य करण्यासारखे नाही. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माणूस चालवत असलेल्या एका गाडीने एका महिलेला उडवले आणि ती क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीपुढे पडली. क्रूझची गाडी धडकून थांबली, आणि नंतर बाजूला घेण्याच्या प्रयत्नात तिने त्या महिलेला सुमारे २० फूट फरफटत नेले. ब्रेक, स्टिअरिंग, वीज सगळे शाबूत होते. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने त्याच महिन्यात परवाना निलंबित केला, आणि सुरक्षेविषयीची माहिती नीट न मांडल्याचे कारणही त्यात होते.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ हा चालक आणि त्याचा परवाना गृहीत धरून लिहिलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २ब नुसार संशोधनाला चालना देण्यासाठी केंद्र सरकार काही वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देऊ शकते, आणि कलम ११०अ नुसार सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन चालकविरहित गाड्या येऊ देणार नाही, असे २०१७ आणि २०२३ मध्ये सांगितले आहे. रोजगाराचा मुद्दा गंभीर आहे. पण त्यामुळे तांत्रिक अटींची चर्चाच होत नाही, आणि एडासच्या वाटेने ही यंत्रे थोडी थोडी गाडीत येतच आहेत.

मला खरी काळजी वाटते ती मान्यतेनंतरच्या काळाची. आपल्याकडे नियम १२६ नुसार पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारखी संस्था नमुना गाडीची चाचणी घेऊन मान्यता देते. त्यानंतर खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते. टॅक्सी आणि ट्रक यांना ठरावीक काळाने पासिंगला जावे लागते, खासगी गाडीला त्या १५ वर्षांत फक्त पीयूसी लागते, आणि पीयूसी केंद्रावर धूर तपासतात. अभियंत्यांनी ज्याला सुप्त बिघाड म्हटले तो पकडण्याची एकही जागा आपल्या व्यवस्थेत नाही.

पाचपाखाडी_गॅरेज

वकीलताईंचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहावेसे वाटले. माझे डेंटिंग-पेंटिंग आणि मेकॅनिकल कामाचे गॅरेज आहे. पुढचा रडार बहुतेक गाड्यांत बंपरमागे किंवा ग्रिलमागे ब्रॅकेटवर बसवलेला असतो. बंपर ठोकला गेला की ब्रॅकेट किंचित वाकते, आणि रडारचा कोन एका अंशानेही हलला तर १०० मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला जाते, म्हणजे जवळजवळ शेजारच्या मार्गिकेत. पुढची काच बदलली तर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर अचूक जुळवण्याचे काम, पुन्हा करावे लागते. त्यासाठी लक्ष्यफलक, सपाट जागा आणि त्या गाडीचे सॉफ्टवेअर लागते, आणि ते आमच्यासारख्यांकडे बहुधा नसते. विमा कंपनीचा सर्वेअर काच आणि रंग पाहतो. कॅलिब्रेशनच्या वेगळ्या बिलावर मात्र वाद घालतो.

ग्राहकाचे वागणेही सांगतो. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला की अनेकांची पहिली मागणी दिवा घालवण्याची असते, बिघाड काढण्याची नसते. गाडी चालते आहे ना, मग राखीव यंत्रणेच्या दिव्यासाठी खर्च कशाला, असा त्यांचा हिशेब असतो. स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसला की दिवा जातो, आणि काही दिवसांनी परत येतो. उद्या दुसऱ्या ब्रेकचा दिवा लागला तरी हेच होईल.

घोडबंदर_प्रवासी

चर्चा अपेक्षेपेक्षा खोल गेली, सर्वांचे आभार. माझा पुढचा प्रश्न नेमका आहे. आपल्याकडे स्वयंचालनाचा नियम लिहायचा झाला, तर हार्डवेअरविषयी त्यात पहिली अट कोणती असावी? सेन्सरांची किमान संख्या ठरवावी का?

टीटीसी_अभियंता

संख्या ठरवू नये. संख्या ठरवली की उत्पादक तेवढे भाग बसवून मोकळा होतो, आणि चांगली रचना निघाली तरी नियम तिला आडवा येतो. माझी पहिली अट अशी राहील की राखीव ब्रेक, राखीव स्टिअरिंग किंवा राखीव वीजपुरवठा यांपैकी काहीही नादुरुस्त असेल, तर गाडीने स्वयंचालन सुरूच करू नये. चालक असल्यास त्याने स्वतः चालवावी, आणि चालकविरहित गाडी असल्यास ती जागेवरून हलू नये. विमानांत कोणते उपकरण बंद असताना आणि किती दिवसांपर्यंत उड्डाण करता येते याची मान्यताप्राप्त यादी असते. तशी यादी प्रत्येक मॉडेलसाठी मान्यतेच्या वेळीच मंजूर व्हावी. गॅरेजवाल्या मित्रांनी सांगितलेल्या सवयीवर हाच उपाय आहे, कारण कोड पुसला तरी पुढच्या स्वयंतपासणीत बिघाड पुन्हा सापडेल आणि स्वयंचालन बंदच राहील.

वाशीची_वकील

ही अट नियमात बसवण्याजोगी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ नुसार नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि हरकतींसाठी सामान्यतः ३० दिवस मिळतात. हरकत मराठीतूनही पाठवता येईल, पण सोबत इंग्रजी प्रत जोडलेली बरी. त्यात मी आणखी एक मागणी घालेन. अपघातातील गाडी दुरुस्तीनंतर स्वयंचालनासाठी पुन्हा वापरण्यापूर्वी कॅलिब्रेशनचा दाखला नोंदणीशी जोडला जावा, आणि त्याचा खर्च विम्याच्या दाव्यात धरला जावा.

सिग्नलकाका_कळवा

अटीशी सहमत आहे, परंतु स्वयंतपासणी या शब्दावर सगळे सोपवू नका. केबिनमधील राखीव बॅटरी नुसत्या व्होल्टमीटरने पाहिली तर ती बरी दिसते, आणि भार टाकल्यावर क्षणात बसते. म्हणून आमच्याकडे भार टाकूनच पाहण्यावर भर असे. मोटारीत गाडी सुरू होताना राखीव ब्रेकने क्षणभर दाब निर्माण करून पाहिला, तर पंप आणि झडप जिवंत आहेत एवढेच कळेल. भरलेली गाडी घाटातून उतरताना तो टिकेल का, हे कळणार नाही. नियमात तपासणी किती वेळाने आणि किती भाराखाली, हे दोन्ही लिहिले पाहिजे.

टीटीसी_अभियंता

काका, भाराचा मुद्दा मान्य आहे. बॅटरीच्या बाबतीत काही सेकंद मोठा प्रवाह काढून आतील रोध मोजणे शक्य आहे आणि ते रोज करता येते. ब्रेकसाठी मी असे सुचवेन की नेहमीच्या प्रवासातच काही थांबे आलटून पालटून राखीव युनिटने घ्यावेत, म्हणजे ते खऱ्या वजनाखाली आणि खऱ्या तापमानात तपासले जाईल, आणि त्याची नोंद गाडीच्या स्मृतीत राहील. त्या नोंदी कोणाला वाचता याव्यात, आरटीओला, विमा कंपनीला की फक्त उत्पादकाला, यावर वकीलताईंचे मत वाचायला आवडेल.